शेजारी कोण? एका दृष्टान्ताचे राजकारण

येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीचा आजच्या राजकारणाशी संबंध काय, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक म्हणजे काहीच नाही. ती व्यक्तीच्या अंतःकरणापुरती शिकवण आहे, तिला निवडणुकीच्या आणि कायद्याच्या बाजारात ओढू नये. दुसरे म्हणजे सर्व काही. ती शिकवण अमलात आली की तुरुंग, लष्कर आणि न्यायालये यांची गरजच उरणार नाही. पहिले उत्तर सोयीचे आहे आणि दुसरे भव्य आहे. परंतु दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी मूळ मजकूर सावकाश वाचलेला असतोच असे नाही. म्हणून या लेखात सबंध शिकवणीचा पसारा न मांडता एकच दृष्टान्त घेण्याचे योजिले आहे. तो लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे आणि मराठी बायबलच्या वाचकांना तो चांगल्या शोमरोन्याची गोष्ट म्हणून ठाऊक आहे.

गोष्ट लहान आहे. एक धर्मशास्त्री येशूला विचारतो, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी हे खरे, पण माझा शेजारी कोण? येशू व्याख्या करीत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका माणसाला लुटारू गाठतात, मारहाण करतात आणि अर्धमेला टाकून जातात. एक याजक येतो, पाहतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. एक लेवी येतो आणि तेच करतो. मग एक शोमरोनी येतो. त्याला कळवळा येतो. तो जवळ जातो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी दोन दिनार उतारशाळेच्या मालकाला देऊन सांगतो की आणखी खर्च झाला तर परत येताना देईन. शेवटी येशू धर्मशास्त्र्यालाच विचारतो, या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला?

शाळेच्या नीतिपाठात ही गोष्ट आपण संकटग्रस्ताला मदत करावी एवढ्या तात्पर्यावर संपवतो. ते तात्पर्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तेवढेच सांगायचे असते तर तिसरा माणूस शोमरोनी असण्याचे कारण नव्हते. त्या काळच्या यहुदी श्रोत्याच्या कानांना याजक, लेवी या क्रमानंतर तिसरे नाव साधा इस्राएली असे अपेक्षित होते, याकडे एमी-जिल लेव्हाइन या यहुदी विदुषीने २०१४ सालच्या आपल्या 'शॉर्ट स्टोरीज बाय जीझस' या पुस्तकात लक्ष वेधले आहे. आपल्या कथांत दोन थोरले भाऊ हरतात आणि धाकटा जिंकतो, तसाच हा ठरलेला साचा. येशूने तो साचा ऐन तिसऱ्या पायरीवर मोडला.

लेव्हाइनबाईंनी आणखी एक रूढ स्पष्टीकरण खोडून काढले आहे. याजक आणि लेवी सोवळे मोडेल, प्रेताचा विटाळ होईल म्हणून थांबले नाहीत, असे प्रवचनांतून नेहमी सांगितले जाते. पण मजकुरात तसे काही नाही. याजक त्या रस्त्याने खाली उतरत होता, म्हणजे मंदिराकडे जात नव्हता, मंदिराकडून येत होता. शिवाय शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आणि परक्यावरही आपल्यासारखीच प्रीती करण्याची आज्ञा यहुदी धर्मशास्त्रातलीच, लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली आहे. तेव्हा हा निष्ठुर जुना धर्म आणि दयाळू नवा धर्म असा सामना नव्हे. दोष त्या दोन माणसांचा आहे, त्यांच्या शास्त्राचा नाही. टीकाकाराने आधी एवढे न्यायाने मान्य केले पाहिजे.

आता शोमरोनी कोण होते ते पाहू, कारण सगळे मर्म तिथे आहे. शोमरोनी म्हणजे दूरदेशीचे परके नव्हेत. यहुदी आणि शोमरोनी एकाच मोशेचे शास्त्र मानीत, एकाच पूर्वजांची नावे घेत आणि लागून लागून राहत. भांडण पूजास्थानाचे होते. यहुद्यांचे यरुशलेम, तर शोमरोन्यांचा गरिज्जीम डोंगर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने गरिज्जीमवरचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे, येशूच्या बालपणाच्या सुमारास, काही शोमरोन्यांनी सणाच्या दिवसांत यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात माणसांची हाडे टाकून ते भ्रष्ट केल्याची नोंद जोसेफस या इतिहासकाराने केली आहे. त्याच शतकाच्या मध्याला शोमरोनी गावाजवळ गालीली यात्रेकरूंवर हल्ला झाला आणि त्याच्या सूडापायी गावे जळाली, असेही तोच लिहितो. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वहीत दुसऱ्याचे अपराध नीट मांडलेले होते आणि आपले कुठेच नव्हते. रक्ताचे, रानाचे आणि पाण्याचे नाते असलेल्या दोन समाजांतले वैर परक्यांच्या वैरापेक्षा कडवट असते, हे सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या दृष्टान्ताचे राजकारणात काय काय झाले, याचा धांडोळा घेतला की एक मौज दिसते. प्रत्येक जण गोष्टीतून आपल्या सोयीचा तुकडा उचलतो.

पाचव्या शतकाच्या आसपास संत ऑगस्टिनने गोष्टीचे सबंध रूपक केले. जखमी माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल. वाचायला हे बांधीव वाटते, पण त्यात मोठी हानी झाली. रस्ता नाहीसा झाला, वैर नाहीसे झाले आणि शोमरोनी शोमरोनी उरलाच नाही. धर्मशास्त्र्याचा प्रश्न इहलोकीचा होता; त्याला उत्तर परलोकीचे मिळाले.

जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत याच गोष्टीचा दाखला दिला. नुसते सद्हेतू असते तर त्या शोमरोन्याची आठवण कोणी ठेवली नसती, त्याच्याजवळ पैसाही होता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आधी संपत्ती निर्माण करा, मग दया करा, हे त्यांच्या अर्थनीतीचे सूत्र त्यात होते. हा विचार अगदी टाकाऊ नाही. दोन दिनार कथेत आहेतच आणि रिकाम्या खिशाने उतारशाळेचा हिशेब चुकता होत नाही. पण कथेतला क्रम पाहावा. पाहणे, कळवळणे, जवळ जाणे, जखम बांधणे, आपण उतरून त्याला जनावरावर बसवणे, रात्र काढणे, एवढे झाल्यावर दुसऱ्या दिवशी पैसा येतो. आणि याजकाजवळ व लेव्याजवळ पैसा नव्हता असे कथा कुठेही म्हणत नाही. तिघांतला फरक पैशाचा नव्हता, पावलांचा होता. दोघांची पावले रस्त्याच्या पलीकडे वळली, एकाची अलीकडे.

अमेरिकेतील निग्रो समाजाचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांनी हा दृष्टान्त अधिक खोल नेला. ३ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे संपावर गेलेल्या सफाई कामगारांपुढे त्यांनी शेवटचे भाषण केले. १९५९ साली ते पत्नीसह मोटारीने त्याच यरीहोच्या रस्त्याने गेले होते. वळणावळणाचा तो उतार लुटारूंना किती सोयीचा आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. याजक आणि लेवी दुष्ट नसतील, घाबरले असतील, असे ते म्हणाले. मी थांबलो तर माझे काय होईल, असा त्या दोघांच्या मनातला प्रश्न होता. शोमरोन्याने तो उलटा केला: मी थांबलो नाही तर याचे काय होईल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंग यांची हत्या झाली. प्रश्न उलटा करण्याची किंमत एवढी असू शकते.

परंतु किंग यांचे याहून महत्त्वाचे विधान त्याच्या बरोबर एक वर्ष आधीचे, ४ एप्रिल १९६७ चे आहे. न्यूयॉर्कमधील रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलताना त्यांनी म्हटले की वाटेवरच्या जखमीला उचलणे ही केवळ सुरुवात झाली. माणसे पुन्हा पुन्हा लुटली जातात तो यरीहोचा सबंध रस्ताच बदलला पाहिजे. माझ्या मते दृष्टान्ताचा राजकारणात प्रवेश होतो तो इथे. रोज एक जखमी उचलणारा शोमरोनी धन्य आहे. पण रोज एक जखमी पडतो आहे हे पाहूनही रस्त्यावर दिवा लावण्याची मागणी न करणारा समाज धन्य नव्हे. दया ही दिवा लावण्याला पर्याय ठरू लागली की ती लुटारूंच्या सोयीची होते.

पेरू देशातील धर्मगुरू गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी १९७१ च्या आपल्या मुक्तीच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथात आणखी एक पाऊल टाकले. शेजारी म्हणजे माझ्या वाटेत आढळणारा नव्हे, तर ज्याच्या वाटेवर मी मुद्दाम जातो तो, असा त्यांचा अर्थ आहे. मूळ मजकुराला हा अर्थ धरून आहे. धर्मशास्त्र्याने विचारले होते, माझा शेजारी कोण? येशूने परत विचारले ते, शेजारी कोण ठरला? पहिला प्रश्न यादी मागतो, म्हणजे कोणाला वगळता येईल ते कळेल. दुसऱ्या प्रश्नात यादीच उरत नाही. शेजारी असणे ही पत्त्याची गोष्ट न राहता कृतीची गोष्ट होते.

ही यादी मागण्याची हौस अजून संपलेली नाही. जानेवारी २०२५ अखेर अमेरिकेचे नवे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी स्थलांतरितांच्या प्रश्नावर बोलताना प्रेमाच्या क्रमाचा जुना ख्रिस्ती विचार पुढे केला. आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग आपले देशबांधव आणि त्यानंतर बाकीचे जग. हा क्रमाचा विचार मुळात ऑगस्टिनकडूनच आलेला. त्यानंतर १० फेब्रुवारी रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहून सांगितले की प्रेमाचा खरा क्रम समजून घ्यायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताचे सतत चिंतन करावे. याच पोपनी ऑक्टोबर २०२० मध्ये काढलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचा एक अख्खा अध्याय या दृष्टान्तावर आहे. बाजूने निघून जाणारे लोक हे लुटारूंचे छुपे सोबती ठरतात, हे त्यातले निरीक्षण विसरता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस निवर्तले.

या वादात व्हान्स यांची बाजू सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. स्वतःच्या मुलाला उपाशी ठेवून जगाचा कळवळा करणारा बाप आपणही मान्य करीत नाही. आधी घरचे, मग दारचे, हा संसाराचा नियमच आहे. पण दृष्टान्तातला प्रसंग संसाराचा नाही, तातडीचा आहे. समोर माणूस मरतो आहे आणि जवळ दुसरे कोणी नाही. अशा वेळी क्रम लावत बसणे म्हणजे याजकाने रस्ता ओलांडणेच होय. सरकारांना रोजचा क्रम आणि तातडीचा क्षण यांतला भेद करावाच लागतो. मात्र तातडीचा क्षण आला असताना रोजच्या क्रमाचे पुस्तक उघडणे ही राजकारणातली नेहमीची पळवाट आहे.

इथपर्यंतची सर्व भाष्ये एका गृहीतावर चालतात. वाचक स्वतःला शोमरोन्याच्या जागी ठेवतो. थॅचरबाई, किंग, गुटिएरेझ, सगळ्यांनी विचारले ते हेच, की मदत कोणी आणि कशी करावी. पण येशूचे श्रोते यहुदी होते. त्यांच्यापैकी कोणीही स्वतःला शोमरोनी समजणे शक्य नव्हते. याजक आणि लेवी तर निघून गेलेले. मग श्रोत्याला गोष्टीत जागा उरते ती एकच, रस्त्यावर पडलेल्या माणसाची. डोळे उघडले तेव्हा आपल्यावर वाकलेला चेहरा ज्याचा आपण तिरस्कार करीत आलो त्याचा आहे आणि जगायचे तर त्याचाच हात धरावा लागणार आहे. दृष्टान्ताचा खरा डंख हा आहे. गोष्ट संपल्यावर धर्मशास्त्री शोमरोनी हा शब्द उच्चारीतच नाही. ज्याने दया केली तो, असे वळणाने उत्तर देतो.

आपल्या परंपरेशी ताडून पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल कडेवर घेतले, या कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या थोर आहेत. पण त्यांत देणारा आपला आहे, पैठणचा संत आहे, आणि घेणारा दुबळा आहे. श्रोत्याला आपल्या माणसाचा अभिमान वाटतो. येशूच्या गोष्टीत देणारा पलीकडचा आहे आणि घेणारा आपला आहे. श्रोत्याच्या अभिमानाला तिथे कोठेही टेकायला जागा नाही. दयाळू होणे अवघड खरेच, पण शत्रूच्या दयेचे ऋण मोकळेपणाने मान्य करणे त्याहून अवघड.

नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर एकदा मी मुलांना विचारले, आपल्या तालुक्यात ही घडली तर शोमरोनी कोण असेल? वर्ग गप्प झाला. मुले माझ्याकडे पाहत होती, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते आणि गुरुजींपुढे ते म्हणावे की नाही हे ठरत नव्हते. शेवटी एका मुलाने हळूच म्हटले, कन्नडवाला. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, हीच गोष्ट त्यांच्या शाळेत सांगितली तर मग तो शोमरोनी कोण होणार?" या दृष्टान्तावरचे इतके नेमके भाष्य मला कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही. तो शोमरोनी आपण होणार, हे तिला कळले होते. प्रत्येक जण कोणाचा तरी शोमरोनी असतो.

आता सीमाभागातला वाचक रास्त शंका काढील. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला आणि तो महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. एवढी वर्षे पाटीसाठी, शाळेसाठी, परिपत्रकाच्या मराठी प्रतीसाठी झगडणाऱ्यांना शेजाऱ्यावर प्रेम करा असे सांगणे म्हणजे मागणी सोडा असे सांगणे नव्हे काय? दुबळ्याला प्रेमाचा उपदेश करून बलवानाची सोय पाहणे हे धर्माच्या नावाने पुष्कळदा झाले आहे. आपल्या गोव्यातच पाहा. हा दृष्टान्त ज्यांच्या ग्रंथात होता त्यांच्याच सत्तेखाली १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन चालले आणि १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तिथल्या लोकांच्या बोलीवर बंदीचा हुकूम काढला. शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा ग्रंथ हाती असून शेजाऱ्याची जीभ कापायला निघता येते, याचा तो पुरावा आहे.

या शंकेचे उत्तर मला शोमरोन्यांशी येशू स्वतः कसा वागला यात सापडते. शुभवर्तमानांतले असे दोन प्रसंग घेऊ. लूकच्याच नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही, कारण तो यरुशलेमला निघाला होता. शिष्य संतापले आणि आकाशातून आग पाडून हे गाव जाळू का, असे विचारू लागले. त्याने त्यांना दटावले आणि तो दुसऱ्या गावी गेला. यरुशलेमचा रस्ता मात्र सोडला नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. ती थेट वादाला हात घालते: आमच्या वाडवडिलांनी या डोंगरावर पूजा केली, तुम्ही म्हणता यरुशलेमातच केली पाहिजे. तो वाद टाळीत नाही. आपली यहुदी बाजू तो स्पष्ट सांगतो आणि तुम्ही चुकता असेही म्हणतो. मग तो या डोंगरावर किंवा यरुशलेमात अशी अट उरणार नाही त्या काळाविषयी बोलतो. हे सर्व बोलणे तिच्या घागरीतले पाणी मागून चाललेले आहे, हे विसरू नये.

या दोन प्रसंगांतून मला जे दिसते ते राजकारणाला पुरेसे आहे. मागणी सोडायची नाही, आग मागायची नाही आणि पाणी मागायला लाजायचे नाही. पहिले दोन नियम आपल्या चळवळीतल्या जाणत्यांनी जमेल तसे पाळले. तिसरा आपण कमी पाळला. पलीकडच्याकडून काही घेतले आहे हे कबूल केले की आपला दावा कमजोर होतो अशी एक भीती आपल्याला वाटत असते.

ती भीती निराधार आहे, असे वाङ्मयाचा इतिहास सांगतो. मराठीची आरंभीची एक मोठी स्तुती इंग्लंडातून आलेल्या जेझुइटाने, फादर थॉमस स्टीफन्सने, ओवीत केली. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. मराठी शब्दांचा सर्वांत उपयोगी जुना कोश मोल्सवर्थच्या नावावर आहे. पंढरीच्या विठ्ठलाला आपल्याच संतांनी कानडा म्हटले आहे. उलट दिशेनेही हिशेब तसाच आहे. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती त्या द. रा. बेंद्र्यांनी कन्नड कवितेला तिचा विसाव्या शतकातला एक सर्वश्रेष्ठ स्वर दिला आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. त्याच धारवाडात इंग्रजी शिकवीत जी. ए. कुलकर्ण्यांनी मराठी कथेला दृष्टान्ताचे बळ परत मिळवून दिले. या देवघेवीमुळे मराठी दुबळी झाली असे कोण म्हणेल? आणि बेंद्रे कन्नडचे झाले म्हणून सीमाभागातल्या मुलाचा मराठी शाळेचा हक्क तसूभरही कमी होत नाही. ऋण आणि हक्क या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत.

शब्दांकडेही थोडे पाहावे. आपल्याकडे शेजारधर्म असा सुंदर शब्द आहे. त्यात शेजार हा घराला लागून असलेला, भिंत सामाईक असलेला. कन्नड बायबलात शेजाऱ्यासाठी 'नेरेयवनु' हा शब्द येतो. पण कन्नडात 'नेरे' म्हणजे जसा शेजार, तसा पूरही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली, कोल्हापूर, बेळगाव, बागलकोट अशा दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांत एकाच वेळी पाणी शिरले तेव्हा या श्लेषाचा अर्थ कळला. कृष्णेने कोणत्या बाजूच्या पाटीवर कोणती लिपी आहे हे विचारले नाही. पाण्यात अडकलेल्याला नावेतल्या माणसाची मातृभाषा विचारण्याचे सुचत नाही, आणि सुचले तरी परवडत नाही. अलमट्टीच्या पाण्यावरून दोन राज्यांचा वाद आहे आणि तो तज्ज्ञांपुढे, लवादापुढे चालावा हे योग्यच. पण पूर आला असताना नाव कोणाची हे पाहणारा माणूस दृष्टान्तातल्या याजकाहून वेगळा नाही.

किंग यांच्या भीतीच्या मुद्द्याला आपल्या देशाने एक कायदेशीर उत्तर दिले आहे. महामार्गावरील अपघातात जखमीला उचलायला लोक धजत नाहीत. पोलीस चौकीत बसवून ठेवतील, साक्षीला खेटे घालावे लागतील, रुग्णालय आधी पैसे मागेल, अशी भीती असते. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले आणि मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी दायित्वातून संरक्षण मिळाले. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर उरली नाही. कर्नाटकाच्या विधिमंडळाने तर २०१६ सालीच या विषयावर स्वतंत्र कायदा संमत केला होता. या सर्व कायद्यांच्या इंग्रजी मजकुरात अशा मदतनिसाला जे नाव आहे ते 'गुड समॅरिटन'. येशूच्या काळी ज्या जमातीचे नाव शिवीसारखे उच्चारले जाई, ते भारताच्या विधिग्रंथात सज्जन मदतनिसाचे नाव होऊन बसले आहे. शब्दाचा असा उद्धार क्वचितच झाला असेल.

पण या उद्धारातही एक तोटा झाला आहे आणि टीकाकाराने तो नोंदवला पाहिजे. समॅरिटन म्हणजे भला माणूस, असे समीकरण इतके रुळले की त्या शब्दातला परकेपणा मेला. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर आणि इस्राएलातील होलोन येथे आजही काही शे शोमरोनी राहतात आणि आपला सण आपल्या डोंगरावर करतात. ते जिवंत लोक आहेत, सद्गुणाचे बोधचिन्ह नाहीत. दृष्टान्त पुन्हा तीक्ष्ण करायचा तर प्रत्येक वाचकाने समॅरिटन हा शब्द खोडून तिथे आपल्या जिभेवर सहज येणारे तिरस्काराचे नाव घालून पाहावे. ते जातीचे असेल, भाषेचे असेल, धर्माचे असेल. वाचताना जिथे जीभ अडखळेल तिथे दृष्टान्त सुरू होतो.

शेवटी उतारशाळेच्या मालकाविषयी. भाष्यकारांनी त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही आणि ऑगस्टिनने पाहिले ते त्याचा पौल करून. माझ्या दृष्टीने राजकारणाचा धडा त्याच्यापाशी आहे. शोमरोनी सगळे स्वतः करीत नाही. त्याला त्याचा प्रवास आहे. तो जखमीला एका चालत्या संस्थेच्या हवाली करतो, आगाऊ रक्कम ठेवतो आणि परत येऊन हिशेब पुरा करण्याचे वचन देतो. रस्त्यावर उतारशाळाच नसती, किंवा मालकाने शोमरोन्याचा पैसा घेणार नाही, किंवा या माणसाला आमच्यात जागा नाही असे म्हटले असते, तर सारा कळवळा रात्री संपला असता. आपल्या जिल्ह्यांतल्या उतारशाळा म्हणजे सरकारी दवाखाने, तहसील कचेऱ्या, शाळा, पतपेढ्या, बसस्थानके. तिथल्या खिडकीवर बसलेला माणूस कोणत्या भाषेत उत्तर देतो, आणि समोरच्याला ती भाषा येत नसेल तर खिडकी लावून घेतो की बाहेर येऊन जवळ उभा राहतो, यावर या दृष्टान्ताचे आजचे राजकारण ठरते. मराठी अर्ज नाकारणारा तिथला कारकून आणि कन्नड बोलणाऱ्या म्हातारीला ताटकळत ठेवणारा आपला कारकून, दोघांनीही रस्ता ओलांडलेलाच आहे.